साडेपाचची कोल्हापूर

पहाटे चारला उठायचं आणि पावणेपाचला डेपो गाठायचा. तिकीट मशीन, वेबिल आणि सुट्ट्यांची पिशवी घेतली की साडेपाचला रत्नागिरी–कोल्हापूर सुटते. जानेवारीत गोची होते ती इथेच. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची, वेळ लागते पावणेसहाच्या पुढे. तेव्हा मी हातखंब्याच्या अलीकडे-पलीकडे तिकिटं देत असतो आणि सात वाजून गेले की लगेच सूर्य वर. एकदा तो उगवला की फजर कजा, म्हणजे हुकलीच. मधल्या वेळात गाडी नीट थांबते ती एकट्या साखरप्याला.

पावणेसात. घरून केलेला वजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं, इथवर टिकत नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. परक्या बाईच्या हाताला हात लागला तरी आमचा वजू तुटतो. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यांना सुटे परत देताना बोटाला बोट लागणारच. आमचा एक हनफी कंडक्टर यावरून माझी फिरकी घेतो, कारण त्यांच्यात एवढ्याने वजू तुटत नाही. माझा तुटतो, म्हणून लिटरभर पाण्याची बाटली सीटखाली ठेवलेली असते. धार बारीक धरली तर हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंतचे हात, डोक्यावरून ओला हात आणि पाय एवढं करून घोटभर पाणी उरतंही. वेळ खातात ते बूट. नाड्या सोडा, मोजे काढा, पुन्हा घाला. नमाजेपेक्षा यालाच जास्त मिनिटं जातात.

"मास्तर, चहा सांगितलाय, उरका!" ड्रायव्हर ओरडतो. स्टँडच्या कडेला मुसल्ला टाकून, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला तोंड करून दोन रकात फर्ज पढतो. मग चहा, डबल बेल, आंबा घाट.

साडेनऊला कोल्हापूर. विश्रांती कक्षात पाठ टेकायची. दुपारची जोहर लागते पाऊणच्या सुमारास आणि परतीची गाडी सव्वाला, म्हणजे पुन्हा अर्ध्याच तासाचा खेळ. पण इथे मी मुसाफिर. प्रवास साधारण ऐंशी किलोमीटरच्या वर गेला की चारच्या दोन रकाती होतात आणि हे अंतर तर एकशेतीसच्या घरात. शाफई मुसाफिराला जोहरला जोडून पुढची असरही पढता येते. मी सहसा जोडत नाही. सव्वापाचला रत्नागिरीत उतरलो की असर हाताशी असते. पावसाळ्यात मात्र जोडून टाकतो. घाटात दरड आली, ट्रक आडवा झाला, तर सव्वापाचचे आठ कधी वाजतील याचा नेम नाही. मुसाफिरावर जुम्माही फर्ज नाही, तरी शुक्रवारी कोल्हापूरची ड्युटी लागली की माझे चाचा दोन दिवस तोंड वाकडं करून बसतात.

संध्याकाळी कॅश भरून असरच्या पूर्ण चार रकाती, कारण आता मी घरचा. सव्वासहानंतर मगरिब मोहल्ल्यातल्या मशिदीत, जमातीबरोबर. मगरिबच्या तीन रकाती प्रवासातही तीनच राहतात. इशा पढून नऊला आडवा.

डेपोत नव्याने आलेल्या पोरांना एवढंच सांगेन: ड्युटी मागताना पंचांगातला सूर्योदय बघून घ्या. जूनमध्ये फजर पावणेपाचच्या आतबाहेरच लागते आणि पढूनही साडेपाचची गाडी निवांत मिळते. डिसेंबर-जानेवारीत साडेसहानंतरची गाडी मागा. ती नाहीच मिळाली तर बिननाडीचे बूट घ्या.