साहेब वर्गात मागच्या बाकावर बसतात तेव्हा

बांधावरून पीक हिरवेगार दिसते. आत शिरून पान उलटावे, तेव्हा मावा दिसतो. शेतकरी बंधू-भगिनींना हे सांगायला नको. आम्हा खात्याच्या माणसांना मात्र ते शिकावे लागले. नोकरीची पहिली काही वर्षे मी बांधावरूनच शेरे लिहिले. ‘पीक समाधानकारक’ हा माझा ठरलेला शेरा.

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचेही पुष्कळदा असेच होते. पटसंख्या, हजेरी, खोल्यांची दुरुस्ती, आहाराची नोंदवही पाहता पाहता दुपार होते. वर्गात मुले काय शिकली, ते पाहायचे राहूनच जाते. या दुखण्यावर अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एक उपाय सुरू झाला. तो आपल्या शेतीशाळेच्या इतका जवळचा वाटला, की सांगितल्यावाचून राहवत नाही.

कनेक्टिकट हे लहानसे राज्य. त्यात १६९ गावे-शहरे. तिथे एकेका गावाचा किंवा दोन-चार गावांचा मिळून शालेय जिल्हा असतो, आणि त्याच्या शिक्षण मंडळाने नेमलेला मुख्य अधिकारी म्हणजे सुपरिंटेंडेंट. आपल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा, पण त्याचा मुलूख छोटा. अंदाजपत्रक, बसगाड्या, इमारती, शिक्षकांचे करार हे सारे त्याच्याच गळ्यात. यातले बहुतेक जण पूर्वी शिक्षकच होते. पण खुर्ची मोठी झाली की खडू हातातून सुटतो.

२००१ साली तिथल्या काही सुपरिंटेंडेंटनी आपला एक गट केला. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड एल्मोर त्यांचे मार्गदर्शक. कल्पना घेतली दवाखान्यातून. मोठ्या इस्पितळात जुने आणि शिकाऊ डॉक्टर मिळून खाटेखाटेपाशी फेरी मारतात, रोगी पाहतात आणि मग आपसात बोलतात. तशीच फेरी यांनी वर्गांतून सुरू केली. आज एकाच्या जिल्ह्यातली शाळा, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या. यजमान आधी आपली अडचण मांडतो. समजा, ‘आमची मुले गणिते सोडवतात, पण ते उत्तर कसे आले हे त्यांना सांगता येत नाही.’ मग चार-पाच जणांची टोळी वर्गात जाऊन वीसेक मिनिटे बसते, तिथून पुढच्या वर्गात. फळ्याकडे कमी आणि मुलांच्या वहीकडे जास्त पाहायचे. हळूच मुलाला विचारायचे, ‘काय करतोस बाळ? कशासाठी?’

नंतरच्या बैठकीत अट अशी की डोळ्यांनी दिसले तेवढेच सांगायचे. ‘बाई छान शिकवतात’ किंवा ‘मुले रमली होती’ हे चालत नाही. ‘बाईंनी प्रश्न विचारला, तिघांनी हात वर केले, बाकीचे फळ्यावरचे उतरवून घेत होते,’ हे चालते. ऐकायला सोपे, पण आयुष्यभर शेरे मारलेल्या माणसाला हे फार जड जाते. माझेच सांगतो. एका शेतीशाळेत कपाशीवर अळी दिसताच मी औषधाचे नाव सांगून मोकळा झालो. एक आजीबाई म्हणाल्या, “साहेब, आधी मोजा की.” मोजले, तर अळ्या मोजक्याच आणि ढालकिडे भरपूर निघाले. पंप घरीच राहिला.

मोजणी झाली की त्यांचा पुढचा प्रश्न असतो: या मुलांनी आज सांगितलेले सगळे नीट केले, तर त्यांना काय करता येईल? एल्मोर यांचा भर यावरच होता, की शिक्षकाने काय ठरवले होते त्यापेक्षा मुलाच्या हाती प्रत्यक्ष कोणते काम आहे ते पाहा. दिवस उतरवून घेण्यात गेला, तर मूल उतरवायलाच शिकेल.

शेवटी यजमान सुपरिंटेंडेंटने स्वतः पुढे काय करायचे ते ठरते. शिक्षकांना कशाचे प्रशिक्षण द्यावे? मुख्याध्यापकांच्या बैठकीत बिलांऐवजी कशावर बोलावे? अमुक शिक्षक चांगला की वाईट, हे त्या बैठकीत काढायचेच नाही. ते योग्यच आहे. एकदा का फेरीची तपासणी झाली, की शिक्षक पाठ केलेला धडा करून दाखवणार. मंत्री यायचे म्हणून आम्ही रस्त्याकडेचा प्रात्यक्षिक प्लॉट कसा खुरपून ठेवतो, ते मला ठाऊक आहे!

नुसत्या फेऱ्यांनी शाळा सुधारत नाही, मागचे काम चिकाटीने करावे लागते. २००९ साली एल्मोर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. २०२१ साली एल्मोर वारले.

मला या सगळ्यात त्या यजमानाचे विशेष वाटते. पाहुणे आले की आपण त्यांना सगळ्यात भरलेल्या तुकड्यात नेतो. हा माणूस बरोबरीच्या अधिकाऱ्यांना मुद्दाम बोलावतो आणि मर लागलेल्या ओळीपाशी नेऊन उभे करतो. माझ्या तालुक्याच्या मासिक बैठकीत इतक्या वर्षांत हे मी एकदाही केले नाही.