तो, ती आणि वर्गातले क्रियापद

तृतीयपंथी विद्यार्थ्याला ‘तो’ म्हणायचे की ‘ती’, हा प्रश्न मराठीत सर्वनामाशी थांबत नाही, क्रियापदात शिरतो. ‘गृहपाठ केलास का?’ कुणालाही चालते. पण ‘उशिरा का आलास?’ की ‘आलीस?’ इथे शिक्षक अडतात. ‘तुम्ही आलात’ ही सोपी सुटका, कॉलेजात रुळलेलीही. शाळेत मात्र ते परके वाटते. तिथे कोणते रूप हवे ते सरळ विचारावे, पण बाजूला घेऊन. भर वर्गात नव्हे. या विचारण्याला कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना तृतीयपंथी विद्यार्थ्यांशी भेदभाव करण्यास मनाई केली. जुने रूप तोंडून गेलेच, तर तिथल्या तिथे सुधारून धडा पुढे न्यावा. लांबलचक दिलगिरीने सगळ्या नजरा त्या विद्यार्थ्याकडेच वळतात.