चार इंचांचा गारवा

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर दर ऑगस्टमधल्या एका शनिवारी जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. १९९५ साली सुरू झालेल्या या ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’मध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मसल कार मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. सुसाट पळण्यासाठी बांधलेल्या या गाड्यांना खरा घाम फुटतो तो अशा रांगेत. तापमानाचा काटा चढू लागला, की गाडी नव्याने उभी करणाऱ्या हौशी मालकाच्या मनात एकच उपाय येतो: मोठा रेडिएटर. उपाय चांगला आहे; पण तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे उष्णतेचे गणित ठरवते.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक चाकांच्या कामी येतो, दुसरा धुरासोबत निघून जातो आणि तिसरा इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हा तिसरा वाटा हवेत सोडणे, हे रेडिएटरचे काम. क्रायस्लर समूहातल्या प्लिमथने १९६८ मध्ये आणलेल्या ‘रोड रनर’चे ३८३ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे इंजिन ३३५ अश्वशक्तीचे होते. ही ताकद सुमारे २५० किलोवॉट भरते. पूर्ण जोर लावला की जवळपास तेवढ्याच उष्णतेची सोय पाण्याला लावावी लागते. जोर क्षणभरच लागतो म्हणून निभावते. पण पुनर्बांधणीत सिलिंडरचा व्यास वाढवला, पुढे एअर कंडिशनरचा कंडेन्सर बसवला, की मूळ हिशेब कोलमडतो.

त्या काळच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्यांना २२ आणि २६ इंच अशा दोन रुंदीचे रेडिएटर येत. मोठा रेडिएटर मुख्यतः एअर कंडिशनरच्या किंवा जास्त ताकदीच्या इंजिनाच्या गाडीला मिळे. उंची तीच धरली, तर या चार इंचांनी हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि लहान रेडिएटरचे पाणी १०५ अंशांवर स्थिरावले आहे, असे समजा. फरक ६५ अंशांचा. तेवढीच उष्णता १८ टक्के मोठ्या क्षेत्रफळातून सोडायला ५५ अंशांचा फरक पुरतो. पाणी ९५ अंशांवर थांबते. चार इंचांची कमाई दहा अंश!

मग रुंदी वाढवण्याऐवजी जाडी वाढवली तर? नळ्यांच्या दोन रांगांच्या जागी चार बसवता येतात, पण फायदा दुप्पट होत नाही. पहिल्या रांगेवरून गेलेली हवा तापूनच पुढच्या रांगेशी पोहोचते; शिवाय जाड जाळीतून ती कमी वेगाने वाहते. रुंद रेडिएटरच्या प्रत्येक इंचाला मात्र ताजी, गार हवा मिळते.

तांबे की अॅल्युमिनियम, हा वाद इथे हमखास निघतो. उष्णता वाहण्यात तांबे अॅल्युमिनियमच्या बरेच पुढे आहे. तरीही नवे रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात. जुन्या रेडिएटरमध्ये पितळेच्या साधारण अर्धा इंच रुंद नळ्यांना तांब्याचे पातळ पत्रे डाग देऊन जोडलेले असत. अॅल्युमिनियमच्या नळ्या इंचभर किंवा त्याहून रुंद करता येतात, त्यामुळे दोन रांगांतच भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि वजनही घटते. पथ्य एकच: बिडाचे इंजिन आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले, की गंजरोधक कूलंट वेळच्या वेळी बदलावेच लागते. नुसते नळाचे पाणी भरले, तर अॅल्युमिनियम आतून खाल्ले जाते.

मोठ्या रेडिएटरने इंजिन नेहमीच गार राहील, हा समज मात्र चुकीचा. कमीत कमी तापमान ठरवतो थर्मोस्टॅट. तो ८२ अंशांना उघडणारा असेल, तर रेडिएटर कितीही मोठा असला तरी पाणी त्याच्या आसपासच राहणार. मोठा रेडिएटर देतो ती राखीव क्षमता. वरची मर्यादा सांभाळायला रेडिएटरची टोपीही हातभार लावते. प्रेशर कुकरच्या शिट्टीप्रमाणे ती दाब धरून ठेवते. चौरस इंचाला १५ पौंडांच्या टोपीखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून तापलेल्या इंजिनाची टोपी उघडणे धोक्याचे: दाब सुटताच पाण्याची वाफ उसळून अंगावर येते.

खर्चापूर्वी एक निदान मात्र करावे. गाडी महामार्गावर वेगात तापते, की सिग्नलला उभी असताना? वेगात वारा फुकट मिळतो. तरीही ती तापत असेल, तर रेडिएटर अपुरा आहे, आत गाळ बसला आहे किंवा खालचा होजपाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो आहे. त्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असते ती याचसाठी, आणि नवा होज बसवताना ती हटकून विसरली जाते. उभ्या गाडीत उलटे घडते. इंजिनावर फिरणारा पंखा मंद गतीत असतो आणि त्याच्याभोवतीचे कवच, म्हणजे श्राउड, नसेल, तर तो इंजिनाकडचीच गरम हवा घुसळत बसतो. मग २६ इंचांनीही फार फरक पडत नाही. श्राउड बसवून पाती अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवली की पडतो.

उरतो प्रश्न ग्राइंडरचा. २२ इंचांसाठी बनलेल्या पुढच्या चौकटीत २६ इंच बसवायचे, तर कडेचा पत्रा कापावा लागतो. अस्सलपणावर किंमत ठरणाऱ्या गाडीत हे कापणे कायमचे आणि महाग पडते. अशा मालकाने मूळ रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या ठेवून मधली जाळी जास्त नळ्यांची करून घ्यावी. टाकीवर ठोकलेला क्रमांकही शाबूत राहतो. पण गाडी पळवायचीच असेल, तर चार इंचांसाठी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. रुंद चौकट खुद्द कारखान्यानेच काढली होती. जास्त उष्णतेला जास्त पृष्ठभाग लागतो, हे तिथल्या अभियंत्यांनी तेव्हाच मान्य केले होते.