टोकन देण्याआधी हे तपासा! (बदलापूर–वांगणी पट्टा)

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. याच पट्ट्यात घर घेताय, तर आयुष्यभराची पुंजी लावण्याआधी एवढं पाहाच.

■ पूररेषा : निळी रेषा 25 वर्षांतून, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. पूररेषेच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा. पार्किंगच्या भिंतीवरची ओल, गंजलेल्या मीटरपेट्या पाहा. 2005 आणि 2019 मध्ये पाणी कुठवर चढलं होतं, हे जुन्या दुकानदारांना विचारा.

■ कागदपत्रं : भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर नव्या प्रकल्पाला महारेरा नोंदणी सक्तीची. मात्र कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी बनावट परवानग्या दाखवून ही नोंदणी मिळवल्याचं प्रकरण विसरू नका. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर आणि बांधकाम परवानगी पालिकेत पडताळा. सातबारा, बिनशेती आदेश वकिलाला दाखवा. तयार घराचं भोगवटा प्रमाणपत्र मागा.

■ पाणी : नळजोडणी पालिकेची की टँकरवर भिस्त? सोसायटीची उन्हाळ्यातली टँकरची बिलं बघायला मागा.

■ प्रवास : ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे अंतर स्वतः चालून पाहा. सकाळच्या गर्दीत लोकल पकडून बघा. रात्री उशिरा रिक्षा मिळते का, तेही विचारा.

■ गरजेच्या सोयी : शाळा, चोवीस तास चालणारं रुग्णालय आज सुरू आहे का? ‘प्रस्तावित’ सोयी हिशेबात धरू नका.

पहिली भेट कधीही द्या. दुसरी मात्र भर पावसातच.