कँटरबरीच्या गादीवर परिचारिका

डेम सारा मुलाली यांचे नाव ३ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाले आणि वृत्तपत्रांनी एकच सूर लावला: कँटरबरीच्या १०६व्या आर्चबिशप, पहिल्या महिला. हे कौतुक तसे उशिराचेच. आंध्रातल्या नंद्यालला दक्षिण भारत चर्चने ई. पुष्पा ललिता यांना २०१३ मध्येच बिशप केले. इंग्लंडला पहिली महिला बिशप मिळायला २०१५ उजाडले. मुलालींच्या कारकिर्दीत नजरेत भरते ते वेगळेच. त्या मुळात कर्करोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स. १९९९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी. धर्मसेवेची दीक्षा त्यांनी २००१ मध्ये घेतली ती हे पद सांभाळतच. नोकरी सोडली २००४ मध्ये. मग क्रेडिटनच्या बिशप, २०१८ मध्ये लंडनच्या.

चर्च ऑफ इंग्लंडला आज धर्मपंडितापेक्षा अशा माणसाची गरज अधिक आहे, असे माझे मत. आधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला तो कुठल्या तात्त्विक वादामुळे नव्हे. ख्रिस्ती शिबिरे चालवणारा जॉन स्माइथ हा बॅरिस्टर विंचेस्टरच्या घरामागील शेडमध्ये मुलांना रक्त येईपर्यंत वेताने मारत असे. २०१३ मध्ये ते वरपर्यंत कळले, तरी पोलिसांकडे रीतसर, पाठपुराव्यासह तक्रार गेली नाही. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने पाहिले असेल. रुग्णालयाच्या वॉर्डात हे चालत नाही: औषध दिले की चार्टवर सही लागते, पाळी बदलताना रुग्णागणिक माहिती सोपवावी लागते. चर्चला नेमकी हीच सवय नव्हती.

यावर आक्षेप येईल आणि तो खोटा नाही: त्यांच्याच लंडन धर्मप्रांतात एका माजी पाद्र्यावरचे आरोप न पडताळताच पुढे सरकवले गेले. त्याने २०२० मध्ये आत्महत्या केली आणि मृत्युचौकशी अधिकाऱ्याने धर्मप्रांताच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. म्हणजे कारकिर्दीतला अनुभव आपोआप कामी येत नाही. पण त्यातून माणूस निरुपयोगी ठरत नाही, यंत्रणा किती ढिली आहे हे मात्र दिसते. दुसरीकडे गाफकॉन या पुराणमतवादी अँग्लिकन गटाच्या प्राइमेटांनी, म्हणजे देशोदेशीच्या प्रमुख बिशपांनी, वेगळी चूल मांडल्याचे जाहीर केले आहे. त्यांना आवरणे कुणाच्याच हाती नाही, कारण आर्चबिशप म्हणजे पोप नव्हे; इतर देशांच्या चर्चवर त्यांचा हुकूम चालत नाही.

घरचे काम मात्र मुलालींना करता येईल. लैंगिक छळासह सर्व प्रकारच्या छळाच्या तक्रारींचे काम पूर्णपणे स्वतंत्र संस्थेकडे सोपवण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनडने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, तूर्त बाजूला ठेवला; तो पुन्हा पुढे आणणे हेच ते काम.