मोटारीच्या टपावरील होडी

हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेचा इसापूर जलाशय आहे व औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णेचा सिद्धेश्वर. अशा पाण्यावर वल्ह्यानें चालणारी 'कयाक' ही लांबट, अरुंद होडी न्यावयाची झाल्यास ती बहुधा उंच जीपगाडीच्या टपावर बांधतात. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची. ते ती लांकडी सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून करीत.

तिचें वजन सुमारें २५ किलो, धान्याच्या पोत्याहून कमी. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु खरा शत्रु भार नसून वारा होय. गाडीचा वेग दुप्पट झाला कीं समोरच्या वाऱ्याचा जोर चौपट होतो आणि तो होडीचें तोंड वर उचलूं पाहतो. शिवाय टपावरील ओझ्यानें उंच गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो व वळणावर ती कलंडण्याचा संभव वाढतो.

यास्तव टपावरील दोन आडव्या दांड्यांवर होडी पालथी ठेवून रुंद पट्ट्यांनीं आवळावी. तिचीं दोन्ही टोकें गाडीच्या पुढील व मागील भागास दोरीनें बांधावीं. थोडें अंतर गेल्यावर थांबून गांठी तपासाव्या आणि वेग बेताचा ठेवावा. सुटलेली होडी मागून येणाऱ्या सायकलस्वाराचा प्राणहि घेऊं शकते. सबब नीट गांठ मारणें हें परक्या जिवाविषयींचें आपलें कर्तव्य समजावें.