सर्किट मारणारा मास्तर

यवतमाळजवळ भारी गावाच्या शिवारात जवाहरलाल दर्डा विमानतळ आहे. धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान मात्र नाही. जिल्ह्यातल्या पोराला वैमानिक व्हायचं असेल तर नागपूर, गोंदियाजवळचं बिरसी, शिरपूर नाहीतर बारामती गाठावी लागते. आता या यादीत शेजारच्या अमरावतीचं बेलोरा आलंय. एअर इंडियाने 2024 साली तिथली प्रशिक्षण संस्था जाहीर केली तेव्हा 34 विमानं आणि वर्षाला 180 वैमानिक असे आकडे सांगितले. पैसे मोजले की विमानं येतात. त्या 180 जणांच्या शेजारी बसणारे मास्तर कुठून येणार, याचा विचार फारसा कुणी बोलून दाखवत नाही.

असा एक मास्तर मला विदर्भातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये भेटला. दारव्हा तालुक्यातला, तिशीच्या आतला. उन्हाळ्यात त्याचं काम उजाडतानाच सुरू होतं. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि सेस्ना 172 सारखं हलकं विमान तिच्यात हिंदकळतं. शिवाय गरम हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा दम कमी पडतो आणि विमान रेंगाळत चढतं. पंचेचाळीस अंशांच्या विदर्भात हे शिकवण्यासाठी वेगळा धडा लागत नाही.

त्याची विद्यार्थिनी आर्णीकडची. पंखाखाली उभी राहून तिने टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक नळीत काढलं. विमानाचं हे पेट्रोल निळसर असतं. तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते बघायचं. तिने बघितलं. मग त्यानेही नळी उजेडात धरून बघितली, एक शब्द न बोलता.

त्यानंतर सर्किट. उड्डाण, वळण, साधारण हजार फुटांवरून धावपट्टीला समांतर जाणं, पुन्हा वळून उतरणं. चाकं टेकली की थ्रॉटल पुढे करून परत वर. खालून बघणाऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येईल. मास्तरची आई एकदा बघायला आली होती. तिचं मत : ‘एवढं उडते, पण कुठी जातच नाही!’

खरं शिक्षण मला दिसलं ते उतरल्यावर, कूलरसमोरच्या टेबलाशी.

‘नाक उचलायची घाई काहून करतेस?’

‘जमीन अंगावर येते सर.’

‘येऊ दे. नजर पार त्या टोकावर ठेव. जवळ पाहशील तर घाबरशीलच.’

मग हाताच्या तळव्याचं विमान करून त्याने तेच उतरणं तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. ती गेल्यावर म्हणाला, कंट्रोल हातात घेणं सोपं, न घेणं कठीण. हात मांडीवर, पण स्टिअरिंगपासून वीतभर. लवकर धरलं तर ती शिकत नाही, उशिरा धरलं तर पुढचं चाक मोडतं. मधला तो क्षण प्रत्येक विद्यार्थ्यागणिक वेगळा. तो ओळखायचा कसा, हे त्याला शब्दांत सांगता आलं नाही. मला ते फार खरं वाटलं.

व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं. खर्च पाऊण कोटीकडे सहज जातो, एअरबस उडवण्याच्या वेगळ्या परवानगीचे, म्हणजे टाइप रेटिंगचे, लाख वेगळे. परवाना मिळूनही एअरलाइनचं बोलावणं येत नाही, तेव्हा बरेच जण सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग घेतात. तास वाढतात, पगारही मिळतो. पण ही नोकरी म्हणजे एसटी स्टँड : आपली गाडी लागेपर्यंत बसायचं. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. गाड्या भरपूर लागणार, स्टँड रिकामा होणार.

तरी या मास्तरचा पाय अडलाय. त्याच्या बॅचचा मित्र एअरबसवर आहे, पगार याच्या कितीतरी पट. त्याचे मेसेज मात्र रात्री तीनला येतात. टोपी, बॅग आणि पंचतारांकित हॉटेल हे बाहेरून दिसणारं चित्र. हॉटेलात तो पडदे ओढून भरदुपारी झोपायची खटपट करत असतो. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास केली, रात्रीच्या ड्युटीत विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर आणली. नोव्हेंबर 2025 पासून नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या हिशेबाने माणसांची आखणीच झाली नव्हती. मग कंपनीला तात्पुरती सूट देण्यात आली. झोपेचा नियम सुट्टीवर गेला, असं मला वाटलं.

मास्तर रोज संध्याकाळी घरी जेवतो. त्याचं दुखणं निराळं आहे. त्याच्या शाळेत पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर ठरतो. पावसाळ्यात ढग उतरले की विमानं हँगरमध्ये आणि मास्तरचं उत्पन्न अर्ध्यावर. आणि कूलरसमोरचं ते टेबल? त्याचा मोबदला शून्य, कारण तिथे इंजिन चालू नसतं. ज्या कामाने ती मुलगी वैमानिक होणार ते फुकट, हा हिशेब मला उफराटा वाटतो. अशाने चांगले मास्तर टिकले तर नवलच.

त्याने शाळेला लेखी विचारलंय की पगार तासांवरून महिन्यावर आणता का. उत्तर यायचंय. एअरलाइनचा फॉर्मही त्याने भरून ठेवलाय.